पेन्सिलीतली तारीख

आमच्या गावात सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लोक बोलणं थांबवून कान द्यायचे. मिशनच्या शाळेची प्रार्थना संपलेली असायची आणि कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल पडायला लागायचे. सात पडले की चहाच्या हॉटेलातलं कुणीतरी म्हणायचं, "सातवालं हाय. कुनाचं लेकरू रे?" मग दुसरा बोटं मोजून सांगायचा, "कुंभाराचं असंल." नऊ पडले, तर नऊ वर्षांचं कोण, याची चौकशी व्हायची. ज्या मुलाचा वाढदिवस, त्याच्या वयाइतके टोल, असा त्या शाळेचा नियम होता. रविवारी वाढदिवस आला तर सोमवारी टोल पडायचे. मे महिन्यात जन्मलेल्यांचे सगळे टोल शाळा उघडल्यावर जूनमध्ये, एकापाठोपाठ एक.

टोल सिस्टर स्वतः द्यायच्या. ते काम त्यांनी शिपायावर कधी सोपवलं नाही. "त्याचं एक चुकलं तर लेकराचं एक वर्ष जातं," म्हणायच्या.

सिस्टर केरळच्या. उंची चार फूट अकरा इंच. हा माझा अंदाज नाही. मुलांची उंची मोजायची पट्टी भिंतीवर होती आणि दरवर्षी आम्हा सगळ्यांचं झालं की त्याही चपला काढून पट्टीला पाठ लावून उभ्या राहायच्या. दरवर्षी तेवढीच भरायची, तरी लिहायच्या. पांढरी साडी, पुरुषी मोठं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक जाड वही. तिला सुतळीनं पेन्सिल बांधलेली. पेन वेगळं, डबीत ठेवलेलं.

पुस्तकातून त्या मराठी शिकल्या नव्हत्या. आमच्या आयांकडून, विहिरीवर, हळदीच्या कढईपाशी शिकल्या. त्यामुळे फळ्यावर शुद्ध लिहायच्या आणि बोलायच्या मात्र आमच्या आजीसारख्या. एकदा तपासणीला एक साहेब आले. दाखल रजिस्टर उलटून पाहिलं, परत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "सिस्टर, या मुलांच्या जन्मतारखा इतक्या वेगवेगळ्या कशा?"

"सायेब, लेकरं येगयेगळ्या दिवशी झाली म्हनून," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांचा दोष नव्हता. आमच्या भागात तेव्हा मूल शाळेत घालताना गुरुजी तोंडाकडे बघून वर्ष ठरवायचे आणि पुढे एक जून लिहायचे. मी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या शेतांची मोजणी करतो. आमच्या कार्यालयात आम्ही अकरा जण. त्यातले सहा एक जूनचे. दर वर्षी एक जूनला आम्ही सहा जणांना मिळून एकच पुष्पगुच्छ देतो.

सिस्टरांना हे पहिल्यापासून पटलं नाही. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये जन्म आणि बाप्तिस्मा यांची वही होती. त्या सांगायच्या, "माझ्या पणजीची तारीखबी तिथं हाय. इथं आलो तर अख्ख्या गावाची एकच तारीख! मला वाटलं, त्या दिवशी काय झालं होतं गावात?"

मला शाळेत घालायला आईनं नेलं, तेव्हाचं मला थोडं आठवतं. बाकीचं आईनं इतक्या वेळा सांगितलं की सगळंच आठवल्यासारखं वाटतं.

"कवाचा हाय?" सिस्टरांनी विचारलं.

"लिवा की एक जून," आई म्हणाली.

"एक जूनला झाला का?"

"न्हाई. पन लिवतात तसंच."

सिस्टरांनी पेन झाकून ठेवलं आणि पेन्सिल घेतली. "माय, हा झाला तवा रानात काय चालू होतं?"

"हळद शिजून राहिली होती. कढईपाशीच पोटात दुखाय लागलं."

"कितवी कढई?"

"आता बाई... दुसरी. पयली उतरली होती, तिची हळद मीच पसरली."

"होळी झाली होती का व्हायची होती?"

"व्हायची होती. पाच दिवस होते. आमच्या जाऊबाईनं एकटीनं पोळ्या केल्या, अजून बोलून दाखवते."

सिस्टरांनी लिहून घेतलं, पण पेन्सिलीनं. संध्याकाळी छत्री घेऊन आमच्या घरी आल्या आणि चुलतीला वेगळं बसवून विचारलं. मग जिच्या शेतात कढई होती तिच्याकडे गेल्या. दोघींचं जुळलं. मग जुनं पंचांग काढून होळीच्या मागे पाच दिवस मोजले. अकरा मार्च. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीवर शाई फिरवली.

हा त्यांचा कायदा होता. एका माणसाच्या सांगण्यावरून लिहिलेली तारीख पेन्सिलीत. दोन साक्षीदार जुळले की शाईत. आणि ज्याची तारीख, तो स्वतः साक्षीदार धरायचा नाही. "आपन जन्मलो तवा आपलं ध्यान कुठं होतं?" म्हणायच्या. आई तिथंच बसली होती म्हणून तिलाही विचारलं, "तुझी कवाची माय?" आई लाजली. इतकंच म्हणाली की तिच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे गव्हाला ओंबी धरली होती. सिस्टरांनी तेही पेन्सिलीत लिहिलं. मुलांबरोबर आयांचीही पानं त्या वहीत होती.

हे सगळ्यांनाच आवडायचं असं नाही. एक बाप हट्ट धरून बसला होता. "दोन वर्सं कमी लिवा. पुढं नौकरीला बरं पडते."

"पोरगं तुमचं हाय," सिस्टर म्हणाल्या. "तारीख त्याची हाय."

त्यानं मुलाला रागानं दुसऱ्या शाळेत घातलं आणि आठव्या दिवशी परत आणलं. कारण काय, तर पोरगं रडून रडून ऐकेना. तिथं त्याच्या नावाचे टोल पडणार नव्हते.

माझंही यात नुकसान झालं असं माझी बायको म्हणते. एक जूनवाले एकतीस मेला निवृत्त होतात. मी अकरा मार्चचा, म्हणून एकतीस मार्चला होणार. म्हणजे एकसष्ट दिवस आधी. "तुमच्या सिस्टरनं दोन महिन्यांची नोकरी खाल्ली," असं ती वर्षातून एकदा, अकरा मार्चला, शिरा वाढताना म्हणते. मी हिशेब चुकीचा आहे असं म्हणत नाही. हिशेब बरोबर आहे. पण हे ऐकताना मला वाईट वाटत नाही.

यंदा शाळेला पन्नास वर्षं होणार म्हणून फादर माझ्याकडे आले. हे फादर तरुण, जालन्याकडचे, तीन वर्षांपूर्वी बदलून आलेले. म्हणाले, "साहेब, शाळेचा इतिहास छापायचाय. चाळीस पानं. तुम्ही माजी विद्यार्थी, शिवाय कागद नीट बघणारे."

मी होकार दिला. कागद काही कमी नव्हते. तीन सिस्टर हट्टा गावाकडून बैलगाडीनं आल्या, रशीदभाई आडत्यांनी हळदीचं रिकामं गोदाम शाळेला दिलं, पहिल्या वर्षी सतरा मुलं, त्यात ख्रिस्ती एकही नाही. पुढे स्वतःची इमारत, मग सातवीपर्यंतचे वर्ग. सगळं नोंदींत होतं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर सतराही मुलांची दाखल तारीख एकच होती, एक जून. फादरांनी त्याप्रमाणे काळा दगडही कोरून आणला होता: "शाळेची स्थापना, एक जून", खाली वर्ष.

सिस्टर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. शाळेमागच्या कॉन्व्हेंटमध्ये राहतात. बाकीच्या दोघी बदलून गेल्या, पुढे वारल्या. ह्यांची बदली दोनदा आली आणि दोन्ही वेळा गावानं अर्ज करून थांबवली. फादरांनी दगड दाखवायला त्यांना आणलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाल्या, "छान कोरलंय. पन मी येनार न्हाई कार्यक्रमाला."

फादरांना वाटलं, तब्येत. डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. मग फादर माझ्याकडे आले. "त्या नसतील तर कार्यक्रम करून काय उपयोग? पन्नासपैकी पन्नास वर्षं इथं असलेलं दुसरं कोण आहे? तुम्ही बोलून बघा."

मी बोलायला जायच्या आधी रजिस्टर पुन्हा घेऊन बसलो. मला सवय आहे. जमिनीचा नकाशा पटला नाही की मी आधी मूळ दगड शोधतो. सतरा मुलं, एक दिवस, एक शाई, एक हस्ताक्षर. एक जूनला उन्हाळ्याची सुट्टी असते, हे एक. दुसरं म्हणून सहज वार काढून बघितला. त्या वर्षी एक जूनला रविवार होता.

रविवारी सिस्टर साधं दळण आणू देत नसत. त्या शाळा काढतील?

मी गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी बसलो आणि एवढंच म्हणालो, "सिस्टर, त्या एक जूनला रविवार होता."

त्यांचे हात थांबले. मग त्या हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना क्वचित पाहिलंय.

"पन्नास वर्सांत एकानं तरी वार मोजला," म्हणाल्या. "मला वाटलं, मी मेल्यावर मोजतेत का काय."

मग त्यांनी सांगितलं. शाळा जूनमध्ये सुरू झालीच नव्हती. बरीच नंतर झाली. मान्यतेचा कागद घेऊन त्या कचेरीत गेल्या, तेव्हा तिथल्या कुणीतरी सांगितलं की जूनची तारीख असेल तरच हे वर्ष धरलं जाईल, नाहीतर सतराही मुलं पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीत. सतरापैकी पाच तांड्यावरची होती. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. एक वर्ष वाया गेलं तर ती पुन्हा शाळेत दिसली नसती.

"मी तिथंच टेबलावर बसून लिवलं. सतरा वेळा एक जून. तवा मी अठ्ठावीस वर्सांची होते. लई हुशारी केली असं वाटलं." त्यांनी एक शेंग उचलली, परत ठेवली. "घरी आले आन् रात्रभर तेच. त्या दिवसापासून ठरवलं, ह्या हातानं आता कुना लेकराची खोटी तारीख लिवायची न्हाई."

"मग खरी तारीख कोणती? तुम्हाला माहीत असेलच."

"माझं काय धरतो? माझीच शाळा, खोटं लिवलं मीच, आन् आता खरं सांगायलाबी मीच? असं कसं चालंल? दोन साक्षीदार आन. शाळा चालवनारे न्हाई, शाळा बघितलेले. जुळले तर मी येते कार्यक्रमाला. न्हाई जुळले तर तुमी करा तुमचं."

"आणि तुम्ही?"

"माझं पेन्सिलीत राहील," सिस्टर म्हणाल्या. हे त्या हसून म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

त्या सतरांपैकी पहिलं नाव धनसिंगचं. तांड्यावर राहतो, पाच एकर हळद करतो. त्याच्या शेताची मोजणी मीच केलेली. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "काहून आले साहेब? बांध सरकला का कुठं?"

"बांध नाही. शाळेचा पहिला दिवस सांगा. काय आठवतं?"

"मार खाल्ला ते आठवते."

"सिस्टरांचा?" मला खरं वाटेना.

"न्हाई हो, मायचा. पयल्या दिवशीच शिष्टरनं हात बघितले आन् धुवायला घरी पाठवलं. अख्खे हात लाल-निळे. माय म्हने, तुला शाळेत न्हाई घेतलं, तू काय केलंस? आन् दिली एक." तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. "बैलांची शिंगं रंगवली होती ना. पोळा होता."

"पोळ्याला शाळा भरली?"

"पोळ्याला कशी भरंल? दुसऱ्या दिवशी. मायनं मग मला परत पाठवलं, संग पुरनपोळी दिली, शिष्टरला दे म्हनून. शिळीच होती, आदल्या दिवशीची. शिष्टरनं उभ्यानं खाल्ली. तिसऱ्या दिवसाची असती तर मायनं दिली नसती. ती आंबते."

मी वहीत लिहून घेतलं. पेन्सिलीनं.

दुसरा साक्षीदार शोधायला लांब जावं लागलं नाही. रशीदभाई वारले, पण त्यांच्या पत्नी जैबुनआपा त्याच घरात आहेत, गोदामाच्या शेजारी. ऐकू कमी येतं. मी पोळ्याचं नाव काढलं नाही. आपणच उत्तर सुचवलं तर साक्षीचं मोल जातं. मी मोठ्यानं विचारलं, "आपा, गोदामात शाळा भरायला लागली तो पहिला दिवस आठवतो का?"

"याद नक्को दिलाओ बाबा," आपा म्हणाल्या. "नवा चूना लगवाए थे मैं. सिस्टरां आने वाले बोलके. बच्चे आए, दीवारां को हात लगा-लगाके बैठे. लाल उंगलियां, नीली उंगलियां. मैं इनको बोली, ये लोगां कल बैलां रंगाए, आज मेरी दीवार रंगा दिए!"

"कल? पक्कं?"

"रंग गीला था ना!" आपा रागावल्या, जणू पन्नास वर्षं झालीच नव्हती. "ये हंसते बैठे. बोले, रहने दे, इस्कूल का निशान है. फिर चूना लगानेच नै दिए, मरे तक." मग गोदामाकडे हात करून म्हणाल्या, "अब्बी है. देखना है तो देखो."

गोदामात आता ठिबकच्या नळ्या ठेवतात. दाराच्या डाव्या हाताला, साधारण अडीच फुटांवर, चुन्यात फिकट डाग होते. लाल ओळखू आला. निळा मी ओळखला, पण त्यावर मी सही करणार नाही.

पंचांग काढलं. त्या वर्षीच्या पोळ्याचा दुसरा दिवस शनिवार होता. रविवार नव्हता याचं मला बरं वाटलं. एक काळजी बाकी होती, की हे छापलं तर त्या सतरा जणांचं काही बिघडेल का. दोघं वारलेत. बाकी पंधरांना मी एकेक करून विचारलं. कुणाचंच आता त्या तारखेवर काही अडलेलं नव्हतं. एकजण तर म्हणाला, "छापा. माझ्या नातवाला दाखवतो, शिष्टरबी चुकतेत."

सिस्टरांना मी दोघांचं म्हणणं वाचून दाखवलं, शब्दाला शब्द. पुरणपोळीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटलं, इथं चपातीत गूळ घालून खातेत. लई आवडली होती." मग आत जाऊन जुनी वही घेऊन आल्या. कव्हर तीनदा बदललेलं, सुतळी तीच. पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर एकाही मुलाचं नाव नव्हतं. वर "शाळा" एवढंच आणि खाली पेन्सिलीत एक तारीख, पुसट, पण वाचता येणारी.

मी काढलेली तारीख तीच होती.

"पेन दे," म्हणाल्या. त्यांचं डबीतलं पेन वाळलं होतं, म्हणून माझं घेतलं. एकेका आकड्यावर थांबून, पेन्सिलीच्या रेषेवरून शाई नेली. वर्षाच्या शेवटच्या आकड्याशी थोडी बाहेर गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तसंच राहू दिलं. मी वही बंद करताना मध्ये एक पान दिसलं, माझ्या आईचं. गव्हाला ओंबी. अजून पेन्सिलीतच. आईला जाऊन सहा वर्षं झाली, साक्षीदार आता कुणी उरलेलं नाही. सिस्टरांनी ते पान बघितलं आणि वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे पुसत न्हाई मी कधी. लिवलेलं तर हाय ना."

फादर आधी थोडे घाबरले. "साहेब, हे सगळं छापायचं?"

"रजिस्टरची तारीख आणि खरी तारीख, दोन्ही छापू," मी म्हणालो. "शेजारी कारण."

"छापा," शेजारी बसलेल्या सिस्टर म्हणाल्या. "माझं नाव घालून छापा."

कार्यक्रम जूनऐवजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. यंदाही तो शनिवारच निघाला, याचा मला उगाच आनंद झाला. जेवायला फक्त शिळ्या पुरणपोळ्या आणि कटाची आमटी. गावातल्या प्रत्येक घरानं चार-चार आणल्या होत्या. एक जून कोरलेला दगड फादरांनी पाण्याच्या टाकीपाशी पालथा टाकलाय. लहान मुलांचा हात नळाला पुरत नव्हता, आता ती त्याच्यावर उभी राहून बाटल्या भरतात.

प्रार्थनेनंतर, दहा चाळीसला, सिस्टर कडुनिंबाखाली गेल्या. पन्नास टोल त्यांना एकटीला झेपले नसते. त्यांनी पहिला दिला, थोडा वेळ थांबल्या, मग पुन्हा सुरू केलं. सहाव्या-सातव्याला हातोडी धनसिंगकडे दिली, त्यानं पुढच्याकडे. जैबुनआपांनी खुर्चीत बसून तीन दिले. सारं गाव तोंड बंद करून मोजत होतं. मीही मोजत होतो.

शेवटचा पडल्यावर टाळ्या झाल्या. मी सिस्टरांजवळ जाऊन हळूच म्हणालो, "सिस्टर, एक्कावन्न झाले. एक जास्त पडला."

"पयला धरू नको," त्या म्हणाल्या. "तो एक जूनचा होता. तेवढा वाजवून टाकला."